आमच्या जिजीचं खरं वय किती? (पत्रिका छापायची आहे, मदत हवी)

कृष्णाकाठचा_नातू

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, तोही घरातल्या भांडणाचा. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची जिजी, म्हणजे वडिलांची आई, गेल्या माघात गेली. आता वर्षश्राद्ध आलं. थोरल्या काकांनी पत्रिकेचा मजकूर ग्रुपवर टाकला, त्यात 'वयाच्या १०४ व्या वर्षी देवाज्ञा' असं आहे. आधार कार्डावर ०१/०१/१९२२ आहे, त्या हिशेबानं बरोबरच. पण वडील म्हणतात, आई पंच्याण्णवच्या पुढं नव्हती. आत्या म्हणते दोघंही चुकताय, अठ्ठ्याण्णव. काकांचं म्हणणं, २०२२ च्या मे महिन्यात आपण गावजेवण घालून शंभरी केली, पणतवंडांकडून सोन्याची फुलं उधळली, शंभर दिव्यांनी ओवाळलं, चौकात फ्लेक्स लागला. आता वय खाली आणलं तर गाव तोंडात शेण घालेल.

मला पत्रिकेचं एवढं नाही. पण जिच्या मांडीवर अख्खं घर वाढलं तिचं जन्मसाल आमच्यात एकालाही माहीत नसावं, हे काही पटत नाही.

हाताशी आहे ते सांगतो. माहेर सांगलवाडी. सासर म्हणजे आमचं गाव, भिलवडी स्टेशनापासून चालत जाता येईल असं. शाळेचं तोंड पाहिलं नाही. साल विचारलं की म्हणायची, 'मी पुलाच्या पाठची'. जन्म नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा, हे मात्र ठाम. 'शेणोलीची गाडी लुटली तवा माझ्या अंगाची हळद उतरली नव्हती.' आणि थोरले काका 'स्वराज्याच्या आदल्या साली, आखाडात' झाले. गेल्यावर चंची उघडली तर सुपारीच्या खांडांत एक भोकाचा पैसा निघाला. बाकी कागद म्हणजे मतदार कार्ड, रेशन कार्ड, आधार. तिन्ही एकमेकांवरून उतरवलेले.

यातून काही निघेल का?

शेंगाचटणी

१ जानेवारी! आधार कार्ड बघितलं तर सातारा-सांगलीच्या सगळ्या म्हाताऱ्या १ जानेवारीला जन्मल्यात आणि सगळे म्हातारे १ जूनला. मास्तरांनी शाळा उघडायच्या हिशेबानं अख्खी पिढी जूनमध्ये जन्माला घातली.

कृष्णाकाठचा_नातू

काकांची तारीखही १ जून. १९४५. :-)

वाळव्याचा_वाघ

शेणोलीची गाडी म्हणजे पत्री सरकारच्या तुफान सेनेनं पगाराचे पैसे घेऊन जाणारी रेल्वे लुटली ती. जी. डी. बापू लाड आणि मंडळी. ७ जून १९४३. म्हणजे लग्न त्याच उन्हाळ्यातलं. एक खुंटा पक्का झाला.

आता जिजींनी नाना पाटलांना भाकरी वाढल्याची गोष्ट कधी सांगताय? आमच्या वाळवा तालुक्यात क्रांतिसिंहांना भाकरी न वाढलेली म्हातारी सापडायची नाही. सगळ्यांच्या भाकरी खाल्ल्या असत्या तर नानांना पत्री सरकार चालवायला वेळच मिळाला नसता.

कृष्णाकाठचा_नातू

@वाळव्याचा_वाघ, हाहा. जिजी उलटं सांगायची. 'भाकरी सासूनं केल्या, मी नुसतं पीठ मळलं. कोण जेवलं ते बघाय बाहीर कोण सोडतंय?' टोपलं मागच्या दारानं उसात जायचं आणि सकाळी रिकामं परसात मिळायचं. कोणी खाल्लं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मला हीच गोष्ट जास्त खरी वाटते.

पंचांगवाले_अण्णा

नागपंचमीचा आदला दिवस म्हणजे श्रावण शुद्ध चतुर्थी. आपल्याकडं त्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात.

शंभरीवरून आठवलं, आमच्याकडं सहस्रचंद्रदर्शन करतात. एका पौर्णिमेपासून दुसरी साधारण २९.५३ दिवसांनी येते. हजार पौर्णिमा म्हणजे २९,५३० दिवस, म्हणजे ऐंशी वर्षं आणि दहा महिने. तुमच्या जिजींनी तो पल्ला कधीच ओलांडलेला. तेव्हा शंभरी थोडी आधी झाली म्हणून बिघडलं नाही.

कृष्णाकाठचा_नातू

अण्णा, तुमच्या पहिल्या ओळीवर थांबलो. आम्ही कधी जोडूनच पाहिलं नव्हतं. जिजीला दोन भाऊ. दोघंही तिच्या आधी गेले, तरी उपास सोडला नाही. म्हणजे ही बाई आयुष्यभर स्वतःच्या वाढदिवसाला उपाशी होती.

सांगलवाडीचा_नावाडी

पूल म्हणजे आमचाच. आयर्विन पूल, १९२९. व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा. त्याआधी सांगलीला जायचं तर नाव, नाहीतर उन्हाळ्यात उतारातून. माझे पणजोबा नावेवर होते. पूल झाला आणि धंदा बसला, म्हणून आमच्या घरात तो पूल कोणाला आवडत नाही.

पण 'पाठची' म्हणजे नंतरची. किती नंतरची? पुलाच्या पाठची तर मीपण आहे.

कृष्णाकाठचा_नातू

@सांगलवाडीचा_नावाडी, बरं झालं विचारलंत. यामागं एक गोष्ट आहे, ती मी फुटकळ समजून लिहिली नव्हती.

जिजी पायाळू. उलटी आलेली. वाडीतल्या सुईणीचा हात चालेना म्हणून रात्री सांगलीहून दुसरी बोलावली. जिजीच्या शब्दांत: 'दादाच्या टायमाला नावाड्याला झोपेतनं उठवाय लागलं हुतं. माझ्या टायमाला म्हातारी कंदील घिऊन पुलावरनं चालत आली. पूल नसता तर मी बी नसते आन् माझी आई बी.' म्हणून ती पुलाच्या पाठची, पाठच्या बहिणीसारखी.

या पायाळूपणाचं प्रस्थ आमच्या लहानपणी भलतंच होतं. कोणाची उसण भरली की सकाळी आमच्या सोप्यात पालथा पडायचा आणि जिजी भिंतीला धरून डाव्या पायाची टाच त्याच्या कमरेवर ठेवायची. सात वेळा. तोंडात मिश्री असायची, त्यामुळं बोलायचं ते हुंकारात. एकदा तर बँकेचे साहेब बूट काढून पालथे पडलेले मी पाहिलेत. आणि वीज कडाडली की आम्ही पोरं तिला ओढून आत न्यायचो, पायाळू माणसावर वीज पडते म्हणून. 'पडू दे, तेवढाच उजेड पडंल,' म्हणायची.

सांगलवाडीचा_नावाडी

मग प्रश्न सुटला की! श्रावणात कृष्णा दुथडी असते, उतार मिळायचा नाही. पूल नव्हता त्या श्रावणात म्हातारी चालत येणं शक्यच नाही. पूल १९२९ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा त्यानंतरचा पहिला श्रावण १९३० चा. त्याच्या आधी जिजींचा जन्म जात नाही. १९२२ तर बादच.

कायद्याचं_बोला

थांबा. ही आधीची हद्द झाली. नंतरची? १९३१, ३२, ३३ का नाही?

सांगलवाडीचा_नावाडी

लग्न ४३ चं धरलं आणि जन्म ३३ चा, तर नवरी दहा वर्षांची. होतंही असेल, पण ४६ ला बाळंतपण तेराव्या वर्षी? ३० धरलं तर लग्नाला बारा सरून तेरावं, पहिलं मूल सोळाला. बसतंय.

माणदेशी_सून

हिशेब बसवताय ते ठीक. पण 'बसतंय' म्हणून पुढं जाऊ नका, जरा तिथंच थांबा. शारदा कायदा १९२९ चा, त्यात मुलीचं वय किमान १४. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पोरीचं लग्न करताना कोणी विचारलंच असतं तर 'चौदा पूर्ण' असंच सांगितलं असतं. बाईचं वय पहिल्यांदा वाढवलं ते तिथं. ते बापाच्या सोयीनं. पुढचं कोणाकोणाच्या सोयीनं वाढलं ते तुमचं तुम्ही बघा.

आणि नातू, राग मानू नका, पण 'अख्खं घर मांडीवर वाढलं' हे वाचायला छान वाटतं. त्या मांडीला विचारलं होतं का कोणी? अशा धाग्यांवर आजी नेहमी प्रेमळच असते. आमच्या सासूबाईंच्या सासूबाई, दहिवडीकडच्या, त्यांच्या कमरेला दुधाच्या कपाटाची चावी असायची. बाळंतिणीला साय मोजून. सुना शेवटी जेवायच्या, त्याही कालवण उरलं तर. त्याच बाई ७२ च्या दुष्काळात सुनेबरोबर खडी फोडायला गेल्या. कंट्रोलचा लाल मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आणून भाकरी थापली, ती तव्यावरून उचलली की तुकडे व्हायचे. सुकडी मिळायची ती पोरांना, आणि खडीच्या ढिगावर पहिल्यांदा सून आणि सासू एका फडक्यातून जेवल्या. माझ्या सासूबाई सांगतात, घरी परत आल्यावर चावी पुन्हा कमरेला.

दोन्ही बाई एकच होत्या. मला त्यांची आठवण काढताना यातलं एक गाळता येत नाही.

शेंगाचटणी

@माणदेशी_सून, दंडवत घ्या.

खुसपट

सुनांनी सासवांवर लिहायचं आणि नातवांनी आज्यांवर, म्हणजे एकाच बाईची दोन चरित्रं तयार होतात.

कृष्णाकाठचा_नातू

@माणदेशी_सून, राग कसला. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, 'लिही त्यांना, चटणीच्या बरणीला सव्वीस वर्षं मी न विचारता हात लावला नाही. लावला तो जिजींचा खुबा मोडला त्या साली.' मग थोड्या वेळानं म्हणाली, 'आणि तू पोटात असताना मला मध्यरात्री धपाटं खावंसं वाटलं, तर उठून चूल पेटवली ती पण त्यांनीच. तेही लिही. पण चटणीचं आधी लिही.'

लिहिलं.

गलाईवाला

विट्याकडचा आहे, सध्या मुक्काम वाराणसी. आमच्या खानापूर-आटपाडीकडं गावंच्या गावं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. घरात कर्ता पुरुष नाहीच, तो केरळात नाहीतर बंगालात भट्टीपुढं. कर्ती म्हातारीच. आमची आजी सही करायची नाही, अंगठा द्यायची, पण चार मुलगे चार राज्यांत, कोणाच्या दुकानाचं भाडं किती आणि कोणी किती पाठवलं, सगळं तोंडपाठ. मनिऑर्डर आली की पोस्टमनला बसवून पाठवणाऱ्याचं गाव तीनदा वाचायला लावायची. 'कोईमतूर' तिला म्हणता येत नव्हतं. 'कोमट तूर' म्हणायची. आम्ही आजही त्या काकांना कोमट काका म्हणतो.

वयाचं म्हणाल तर तिनं सरळ सांगितलं होतं, 'मेल्यावर दगडावर तारीख घालू नका, चुकीची असणार.'

पाटणचा_पोर

आमच्याकडं सगळे हिशेब कोयनेच्या भूकंपाच्या आधी आणि भूकंपाच्या नंतर. ११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या आसपास. आजी दूध काढायला उठलेली म्हणून वाचली, गोठा हलका होता. घराची भिंत आतल्या बाजूला आली. त्यानंतर ती पक्क्या घरात कधी झोपली नाही. पत्र्याची शेड दिलेली, तीच तिची खोली. ८५ ला आम्ही स्लॅब टाकला, तरी ही बाई अंगणात पत्र्याखाली. पावसात तो पत्रा एवढा वाजायचा की आतलं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि ती ढाराढूर.

परदेशी_पाहुणा

इथं रात्रीचे दोन वाजलेत, सकाळी मीटिंग आहे आणि मी कोमट तूरवर हसतोय.

पेठेतला_नाही

हा धागा तीन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

आमचं घर फेब्रुवारी ४८ मध्ये जळलं. गाव तुमच्याच पट्ट्यातलं, नाव लिहीत नाही. गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं पेटवली त्यातलं एक. माझी आजी दोन पोरांना घेऊन शेजारच्या मराठ्यांच्या परड्यात, कडब्याच्या गंजीमागं रात्रभर बसली होती. त्या घरच्या बाईनं जळत्या घरात जाऊन देवांची पेटी ओच्यात घालून आणली. हातावर डाग राहिला तो कायमचा. तिचा नवरा त्या वेळी कुठं होता, हे आजीनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

पुढं आम्ही पुण्याला आलो. आजी दर संक्रांतीला त्या बाईसाठी बांगड्या पाठवायची. नव्वद साली उत्तर आलं की त्या गेल्या. त्या वर्षी आजीनं संक्रांत केली नाही.

वयाच्या प्रश्नाशी संबंध नाही. पण अशी एक बाई आमच्याही घरची होती असं मी धरतो.

कृष्णाकाठचा_नातू

@पेठेतला_नाही, लिहिलंत ते बरं केलंत. जिजी पूर सांगायची, दुष्काळ सांगायची, पत्री सरकार सांगायची. अठ्ठेचाळीस सालाचं विचारलं की चंची उघडायची आणि चुना मळत बसायची. आमच्या गावात मारुतीच्या मागं एक पडका चौथरा आहे, त्यावर ती आम्हाला खेळू द्यायची नाही. एवढंच मला माहीत आहे.

वाळव्याचा_वाघ

(यावर काही लिहीत नाही. वाचलं.)

मिरजवाली

धागा वाचता वाचता चहा गार झाला. जिजींचं एक गंमतीचं लक्षात आलं का? जन्म सांगली संस्थानात. लग्न होऊन गेल्या सातारा जिल्ह्यात, कारण तुमचा भाग तेव्हा साताऱ्याच्या तासगाव तालुक्यात. १९४९ ला तो दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला सांगली. बाई उंबऱ्यात बसल्या बसल्या पुन्हा माहेरच्या नावात आली.

पुराचं लिहा ना काहीतरी. २०१९ ला कुठं होत्या?

कृष्णाकाठचा_नातू

घरातच, आणि हलायला तयार नव्हती. टीव्हीवर आयर्विन पुलाचे फूट सांगत होते. ४० ला इशारा, ४५ ला धोका. जिजीचा त्यावर विश्वास नाही. 'मी त्या पुलाच्या पाठीवरची हाय, मला नगा सांगू.' (तेव्हा हे वाक्य कोणाला कळलं नव्हतं.) तिनं नातसुनेकडून तुरकाठ्या मागवल्या आणि पाण्याच्या कडेला गल्लीत एक रोवायला लावली. तासानं दुसरी. दोन काठ्यांत किती पावलं ते मोजायचं. रात्री आठला तिनं सांगितलं, 'म्हसरं सोडा. हे पाच सालासारखं न्हाई.' २००५ ला पाणी मारुतीच्या पायरीला लागून परत गेलं होतं. या वेळी मारुतीचा शेंदूर धुऊन गेला. सांगलीत ५७ फुटांच्या वर गेलं.

दुसऱ्या दिवशी बोट आली. त्याच आठवड्यात आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळची बोट उलटली, त्यामुळं बोट म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा. जिजी बसली, मांडीवर एक गाठोडं. आम्हाला वाटलं दागिने. जवान म्हणाला, आजी, सामान ठेवा. तर म्हणाली, 'सामान न्हवं, चटणी हाय. लेका, तू बी खा.' वर्षाची चटणी. पाच किलोची बरणी लुगड्यात बांधलेली. कॅम्पात शाळेच्या वर्गात आठ दिवस खिचडीबरोबर अख्ख्या गल्लीनं खाल्ली आणि बरणी रिकामी घेऊन आम्ही घरी आलो.

शेंगाचटणी

आता रेसिपी हवी. माझ्या नावाला जागून विचारतेय.

कृष्णाकाठचा_नातू

तीच तर बोंब आहे. कोणाला माहीत नाही! डंखावर (चटणी कांडायच्या गिरणीत) जायचं तेव्हा बेडगी, संकेश्वरी, कांदा, लसूण, खोबरं, तीळ सगळं घेऊन ती पुढं आणि आई मागं. पण प्रमाण ओच्यात. आईनं गेल्या उन्हाळ्यात अंदाजानं केली, चांगली झाली, पण ती नाही. एकदा जिजीला विचारून मी वहीत लिहून घेतलं होतं: 'मिरची पायली, धनं दोन मापटी, तीळ एक मापटं, खोबरं दिसंल तसं, लसूण गप बसंल तसा.' यातून काय करायचं?

कायद्याचं_बोला

चटणीचा वेगळा धागा काढा. वयाकडं या. तुम्ही कोतवाल बुक बघितलंत का? गाव नमुना १४, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. कुणबी नोंदींसाठी हल्ली तिथं रीघच आहे, त्यामुळं मोडी वाचणारेही भेटतात. मुलाचं नाव बहुतेक नसतं, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. पण तारीख असते.

कृष्णाकाठचा_नातू

जातो. कळवतो.

खुसपट

आणि धागा इथं मेला. (तीन आठवडे झाले.)

कृष्णाकाठचा_नातू

मेला नाही, उसाला तोड आली होती. :-)

आता ऐका. सांगलवाडीकडचं १९३० चं बाड मिळालं नाही. तिथं कोणी म्हणालं पुरात गेलं, कोणी म्हणालं इथं आलंच नव्हतं. हिरमुसून निघालो होतो, तेवढ्यात मोडीवाले काका म्हणाले, गावाकडचं तरी बघून जा. आमच्या गावचं सापडलं. बोटानं ओळ दाखवली: आजोबांचं नाव, 'मुलगा', जुलै १९४६.

थोरले काका! 'स्वराज्याच्या आदल्या साली, आखाडात.' महिन्यासकट बरोबर. म्हणजे शाळेच्या दाखल्यावरची १ जून ४५ खोटी आणि जिजीचा हिशेब खरा. मग पुलाचाही खराच धरायचा. श्रावण १९३०. गेली तेव्हा चौऱ्याण्णव पूर्ण, पंच्याण्णवावं चालू. वडील जिंकले.

घरी येऊन काकांना नक्कल दाखवली. ते जिल्हा परिषदेत मास्तर होते, अठ्ठावन्नला निवृत्त झालेले. चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, 'म्हंजे मी वरीसभर आदुगर रिटायर झालो?' आईच्या वयाचा विषय तिथंच संपला. संध्याकाळपर्यंत ते एका वर्षाचा पगार आणि पेन्शनमधला फरक कागदावर मांडत होते.

मग आत्यानं तोंड उघडलं. निवडणूक आयुक्त शेषन यांच्या वेळी फोटोची मतदार कार्डं आली, तेव्हा शाळेत रांगेत जिजीच्या मागं आत्या होती. साहेबानं वय विचारलं. जिजीनं त्यालाच विचारलं, 'जास्तीचं लिवलं तर काय तोटा हाय का?' तो म्हणाला, तोटा नाही, पुढं सवलती मिळतील. 'मग बहात्तर लिवा.' तेव्हा ती चौसष्टची असणार. पुढं त्याच कार्डावर एस.टी.चं अर्धं तिकीट काढून चार-पाच वेळा पंढरपूर केलं. २०२२ ला पंचाहत्तरीच्या वरच्यांना एस.टी. फुकट झाली, तर मुद्दाम भिलवडी ते सांगली फुकट जाऊन आली. कंडक्टर आधार बघून म्हणाला, आजी, शंभर? 'तिकिटापुरती,' म्हणाली. आत्या शेजारीच बसली होती. आणि तरी शंभरीला आत्यानंच पहिला दिवा ओवाळला! 'सांगितलं असतं तर गावजेवण झालं नसतं,' म्हणे.

माणदेशी_सून

हे वाचून फार बरं वाटलं. दुसऱ्यांदा वय वाढवलं ते तिनं स्वतःच्या सोयीनं.

वाळव्याचा_वाघ

तिकिटापुरती शंभर! जिजींना त्रिवार मुजरा. पत्रिकेचं काय ठरलं?

कृष्णाकाठचा_नातू

पत्रिका आधीच छापून आली होती. १०४. काका म्हणाले, गावात ती शंभरीची राहू दे, तिनंच सांगितलेलं वय आहे. पण तिच्या फोटोची फ्रेम उतरवली आणि मला म्हणाले, 'मागं खरं लिव.' मागच्या पुठ्ठ्यावर बॉलपेननं लिहिलं: श्रावण शु. ४, शके १८५२. सांगलवाडी. पायाळू. काकांनी खाली स्वतःची जुलै ४६ पण लिहायला लावली.

सांगलवाडीचा_नावाडी

पुलाचं पण लिहायचं होतं.

शेंगाचटणी

सगळं मार्गी लागलं, चटणी राहिली. @कृष्णाकाठचा_नातू, तुमची वही पुन्हा वाचली. पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. म्हणजे मिरची पायलीभर तर धने तिच्या चौथाईला, तीळ आठवा हिस्सा. हे मापानं, वजनानं नाही. इथंच तुमची आई चुकत असेल, तिनं किलोत बसवलं असणार. आणि मापटं गावोगाव सारखं नसतं. जिजींचं मापटं घरात आहे का?

कृष्णाकाठचा_नातू

आईला विचारलं. आहे. पितळी, एका बाजूला चेपलेलं. सध्या त्यात तुळशीला पाणी घालतात.

शेंगाचटणी

धुऊन आत आणा. आणि तो चेप काढू नका, माप त्यासकटच आहे.